सात क्रमांकाची दोन कलमे

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, कोजागिरीला, आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगगडावर राज्यभरातून तृतीयपंथी येतात. देवीची पूजा होते, छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. वर्षातला तो एक दिवस आपण या माणसांकडे आदराने, निदान कुतूहलाने पाहतो. उरलेल्या दिवसांत त्यांनाही ताप येतो, साखर वाढते, आणि दवाखान्यात केसपेपर काढताना कोणत्या रांगेत उभे राहायचे हा प्रश्न पडतो. त्यांच्या जगण्याविषयी मराठीत आता थोडेफार लिहिले गेले आहे. लक्ष्मी त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ साली आले. मूळच्या येवल्याच्या दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह वाचकांना ठाऊक आहे. त्यांना लागणाऱ्या कागदांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मी नाशिकला वकिली करते, त्यातही बरेचसे काम ग्राहक आयोगातल्या विम्याच्या दाव्यांचे. त्यामुळे मी लिहिणार आहे ते कागदांविषयीच.

काही वर्षांपूर्वी सिडकोतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या घरात मुलगी म्हणून वाढलेला मुलगा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. छातीची शस्त्रक्रिया करून घ्यायची, असे त्याने ठरवले होते. बाईंनी वर्षानुवर्षे हप्ते भरून चालू ठेवलेली मेडिक्लेम पॉलिसी माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “कोर्टानं हो म्हटलंय, सरकारनं कायदा केलाय, मग कंपनी नाही का म्हणते?” प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक, २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम. दुसरा, कुठलीही साधी आरोग्य विमा पॉलिसी. योगायोग असा की दोन्हीकडची अडचण सात क्रमांकावरच आहे.

उपचार म्हणजे नेमके काय

बोलताना आपण ‘लिंगबदल ऑपरेशन’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात हा एका दिवसाचा, एका टेबलावरचा प्रकार नसतो. जन्माच्या वेळी शरीर पाहून नोंदवलेले लिंग आणि माणसाला आतून जाणवणारी स्वतःची ओळख यांत मेळ नसेल, तर तो मेळ साधण्यासाठी जी वैद्यकीय मदत लागते, तिला मी या लेखात ‘लिंगभावानुरूप उपचार’ म्हणते. त्यात समुपदेशन आहे, संप्रेरकांचे म्हणजे हार्मोनचे उपचार आहेत, चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी लेसर आहे, छातीच्या आणि जननेंद्रियांच्या शस्त्रक्रिया आहेत. यातले सगळे सगळ्यांना हवे असतेच असे नाही. कोणी हार्मोनवर थांबतो, कोणाला शस्त्रक्रियेवाचून स्वस्थता नसते, कोणाला यातले काहीच नको असते. हार्मोन घ्यायचे तर अनेक वर्षे, डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागतात. काही शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने, महिन्यांचे अंतर ठेवून होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. नोंद ठेवली ती याच कारणासाठी की, वर्गीकरणात जागा नसेल तर उपचाराचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हे विमा देणाऱ्यांना आणि सरकारांना ठरवता येत नाही. म्हणजे मनाचा आजार हा शिक्का पुसला, पण उपचारांची दारे बंद केली नाहीत.

ही दारे बंद राहिली की काय होते, हेही सांगायला हवे. हिजडा समाजात ‘निर्वाण’ पूर्वापार चालत आले आहे; ते करणारी दाई बहुधा भूल आणि निर्जंतुक हत्यारे यांच्याविना काम करत असे. आज त्याचीच दुसरी आवृत्ती औषधांच्या दुकानात दिसते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून, मनाला येईल तितक्या गर्भनिरोधक गोळ्या हार्मोन म्हणून घेतल्या जातात. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यात असतो, आणि तो सांगणारे समोर कोणी नसते. उपचार मिळाले नाहीत म्हणून माणूस बदलाची इच्छा सोडून देत नाही. तो धोक्याचा रस्ता धरतो. विम्याचा प्रश्न म्हणूनच चैनीचा नाही.

न्यायालयांनी काय म्हटले

भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीच्या यादीत पहिलेच नाव होते पुंस्त्वहरणाचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही ते पहिल्याच जागी आहे. त्यामुळे शल्यविशारदाच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक होते. पण भारतीय दंड संहितेच्याच कलम ८८ नुसार रुग्णाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीने, सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नसे. अपेंडिक्स काढणाऱ्या डॉक्टरला जे संरक्षण, तेच इथेही.

महाराष्ट्रात हा मुद्दा उघडपणे पुढे आला तो मे २०१२ मध्ये. आसामचे एकवीस वर्षांचे बिधान बरुआ मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आले होते. आईवडिलांचा विरोध होता, आणि रुग्णालयाने ठरलेली शस्त्रक्रिया थांबवली. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही. तेव्हाचे बिधान म्हणजे आजच्या स्वाती बरुआ. पुढे आसामात लोकअदालतीवर न्यायाधीश म्हणून त्या बसल्या.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल आला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि त्या ओळखीला मान्यता देण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक आणि बेकायदेशीर आहे. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हीच दिशा धरली. जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावात महिलांसाठी राखीव वॉर्डातून उभ्या राहिलेल्या अंजली यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने बाद केला होता. न्यायालयाने तो स्वीकारायला लावला, आणि त्या निवडूनही आल्या.

मराठी वाचकांच्या सर्वांत लक्षात राहिलेले प्रकरण बीडचे. पोलीस दलात महिला शिपाई म्हणून नोंद असलेल्या ललित साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला म्हणून झाली, पुरुषांचे शारीरिक निकष वेगळे, या कारणाने खात्याने ती नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नोकरी टिकली, पुढे लग्न झाले, मूल झाले. उत्तर प्रदेशातल्या एका महिला शिपायाच्या अशाच अर्जावर ऑगस्ट २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही अर्ज अडवून ठेवायला कारण नाही, अशीच भूमिका घेतली.

या निकालांत वाद होता तो परवानगीचा, रजेचा, उमेदवारीचा. बिल कोण भरणार, हा प्रश्न यातल्या एकाही ठिकाणी निकालाचा विषय नव्हता. बाईंचे म्हणणे, “कोर्टानं हो म्हटलंय,” हे खरेच होते. फक्त कोर्टाला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

कायद्यातले सात

२०१९ चा अधिनियम १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पाच वर्षे झाली. त्याचे कलम ६ वाचले तर नालसाचा प्रभाव दिसतो. अर्जदाराने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे. २०२० च्या नियमांनुसार कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, तीस दिवसांत, ‘तृतीयपंथी व्यक्ती’ असे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायला हवे होते. २५ नोव्हेंबर २०२० पासून हे सारे राष्ट्रीय पोर्टलवरून घरबसल्या करता येऊ लागले. १८७१ च्या गुन्हेगारी जमाती कायद्यात ज्यांची नोंदवही ठेवायची, त्यांची व्याख्याच वैद्यकीय तपासणीच्या आधारे केली होती. त्या तुलनेत हा मोठाच पल्ला म्हणायचा.

पुढे येते कलम ७. तृतीयपंथी अशी नोंद न ठेवता स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल, तर शस्त्रक्रिया झाल्याचे वैद्यकीय अधीक्षकाचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून पुन्हा अर्ज करायचा. मग सुधारित प्रमाणपत्र मिळते. नियम करणाऱ्यांनी इथे थोडी वाट रुंद केली. त्यांनी ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ असा शब्द घेतला आणि त्यात समुपदेशन, हार्मोन व शस्त्रक्रिया या सर्वांचा समावेश केला. पण नियम अधिनियमाच्या खालचा. अधिनियमात शब्द ‘शस्त्रक्रिया’ हाच आहे. टेबलापलीकडचा अधिकारी कोणता शब्द धरतो, यावर अर्जदाराचे भवितव्य ठरते.

म्हणजे कायदा सांगतो, तुला पुरुष म्हणून किंवा स्त्री म्हणून कागद हवा असेल तर रुग्णालयातून ये. अंबडच्या त्या तरुणाला तेच करायचे होते. रुग्णालयात जायचे तर पैसे हवेत, आणि पैशांसाठी माणूस वळतो पॉलिसीकडे.

विम्यातले सात

विम्याचे दावे चालवताना पॉलिसी मागून पुढे वाचायची सवय लागते. काय मिळणार हे पहिल्या पानांवर ठळक असते. काय मिळणार नाही, ते मागच्या पानांवर बारीक अक्षरांत. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत अपवाद लिहीत असे. विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी या अपवादांची भाषा सर्वांसाठी एकसारखी केली आणि त्यांना क्रमांक दिले. हेतू ग्राहकाच्या सोयीचाच होता. त्या यादीत सहाव्या क्रमांकावर लठ्ठपणाचे उपचार आहेत, आठव्यावर सौंदर्यशस्त्रक्रिया, आणि मधल्या सातव्या क्रमांकावर लिंगबदलाचे उपचार. शरीराची वैशिष्ट्ये विरुद्ध लिंगासारखी करण्यासाठी केलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च, शस्त्रक्रियेसह, मिळणार नाही, असा त्याचा आशय.

तारखा पाहण्यासारख्या आहेत. अपवादांची यादी आली सप्टेंबर २०१९ मध्ये. तृतीयपंथी अधिनियम संसदेत मंजूर झाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. त्या अधिनियमाचे कलम १५ सरकारला सांगते की शस्त्रक्रिया, हार्मोन, लेसर आणि इतर आरोग्यविषयक खर्च भागवणारी सर्वसमावेशक विमा योजना आणा. दोन महिन्यांच्या अंतराने एकाच देशात दोन कागद तयार झाले, एकाने जे द्यायचे ठरवले तेच दुसऱ्याने वगळले, आणि दोन्ही आजही बाजूबाजूला चालू आहेत.

कायदा मोठा की पॉलिसी, असे कोणी विचारेल. इथे कलम १५ ची शब्दरचना आड येते. त्यातले कर्तव्य ‘समुचित सरकार’वर आहे, विमा कंपनीवर नाही. मानसिक आजारांच्या बाबतीत संसदेने वेगळी रीत वापरली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २१ ने थेट प्रत्येक विमा कंपनीला बांधले, की शारीरिक आजाराला जसे संरक्षण देता तसेच मानसिक आजारालाही द्या. पुढे कंपन्यांना अपवाद काढावे लागले. तशी थेट आज्ञा तृतीयपंथी अधिनियमात नाही. कलम ३ आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई करते आणि त्याचा आधार घेऊन युक्तिवाद करता येतो. पण प्रत्येक रुग्णाने शस्त्रक्रियेआधी युक्तिवाद करत बसावे, ही काही विमा योजना नव्हे.

शिवाय सातवा अपवाद उद्या काढून टाकला, तरी सगळे सुटत नाही. आठवा अपवाद शेजारीच उभा आहे. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला असलेला थेट धोका टाळण्यासाठी डॉक्टरने आवश्यक ठरवलेले उपचार सोडले, तर प्लास्टिक सर्जरीचा खर्च तो नाकारतो. छातीची शस्त्रक्रिया यात ढकलणे कंपनीला सोपे आहे. दुसरे, साधी मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी असते. हार्मोन आणि लेसर हे बाह्यरुग्ण विभागाचे उपचार. ते त्या चौकटीत बसतच नाहीत. काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या समूह पॉलिसीत जादा हप्ता भरून हे उपचार घेतले आहेत. म्हणजे विमा देता येतो, त्याचा हप्ताही काढता येतो. पण तो लाभ त्या कंपनीच्या दारात पोचलेल्यांपुरता. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

खर्च परवडणार नाही, हे कारणही तपासून पाहावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. खरा आकडा याहून मोठा असणार, कारण घरच्यांसमोर कोण सांगणार? तरीही सव्वाअकरा कोटींच्या राज्यात हा समूह लहानच आहे, आणि त्यातल्याही काहींनाच शस्त्रक्रिया हवी असते. अनेकांनी थोडे थोडे भरायचे आणि थोड्यांची मोठी गरज भागवायची, यालाच तर विमा म्हणतात.

पाच लाखांचे कार्ड

सरकारने कलम १५ अगदीच कोरे ठेवलेले नाही. २४ ऑगस्ट २०२२ रोजी सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’चा करार झाला. त्यात प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, आणि शस्त्रक्रिया व हार्मोन यांचा त्यात समावेश आहे. अट एवढीच की राष्ट्रीय पोर्टलचे प्रमाणपत्र हवे आणि तोच लाभ दुसऱ्या सरकारी योजनेतून घेतलेला नसावा.

या योजनेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द म्हणजे ‘प्रत्येक व्यक्तीला’. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून ५ लाखांपर्यंत गेली आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिची मोजणी कुटुंबाने होते आणि कुटुंबाचा पुरावा म्हणजे शिधापत्रिका. ज्याला घरातून बाहेर काढले, त्याचे नाव शिधापत्रिकेवर असले तरी कार्ड बापाच्या कपाटात असते. गुरूच्या घरी राहणाऱ्या चेल्याचे कुटुंब कोणते, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? व्यक्तीला एकक मानले की हा पेच सुटतो.

दुसरीकडे, कार्ड हातात असणे आणि उपचार मिळणे यांत अंतर आहे. योजनेच्या यादीतले रुग्णालय हवे, आणि त्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करणारा चमू हवा: शल्यविशारद, हार्मोनतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक. नाशिकच्या माणसाला सरकारी रुग्णालय म्हटले की मुंबईच आठवते. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्ज अगदी लागून आहे, जवळच्याच जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. पण हार्मोनच्या प्रत्येक तपासणीला एका दिवसाची मजुरी बुडवून मुंबई गाठायची, हे वर्षानुवर्षे कोणाला जमणार?

नाशिकचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे. राज्यभरातले डॉक्टर त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. कलम १५ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घ्या, असेही लिहिले आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाठ्यपुस्तकांतला अवमानकारक मजकूर टाळायला सांगितले. पण २०२४ च्या ऑगस्टअखेर आयोगाच्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत समलैंगिकतेला अनैसर्गिक गुन्ह्यांत मोजणारा जुना मजकूर परत आला, आणि टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. पुस्तकात जे येते तेच उद्या केसपेपरवर उतरते.

आज हाती काय आहे

माझ्याकडे येणाऱ्यांना मी क्रम असा सांगते. आधी पोर्टलवरचे प्रमाणपत्र घ्यावे, शस्त्रक्रिया करायची असो वा नसो. पुढच्या जवळजवळ सगळ्या दारांची किल्ली तीच आहे. मग आधार, पॅन, बँक आणि पॉलिसी यांवर एकच नाव, एकच नोंद करून घ्यावी. निव्वळ नावे जुळत नाहीत म्हणून रखडलेले दावे मी पाहिले आहेत, आणि ते दावे लिंगभावानुरूप उपचारांचे नव्हते, साध्या डेंग्यूचे होते. हे महत्त्वाचे आहे. सातवा अपवाद फक्त लिंगबदलाच्या उपचारांपुरता आहे; तृतीयपंथी माणसाचा हर्निया, हृदयविकार किंवा अपघात त्यात येत नाही. अपवादाचे शब्द काटेकोर वाचायचे आणि शंका असेल तिथे कौल विमाधारकाला द्यायचा, हे विमा कायद्यातले जुने तत्त्व आहे. दावा नाकारला तर लेखी कारण मागावे, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे, आणि तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोग त्यापुढे आहेच.

पण अपवादच जिथे स्वच्छ शब्दांत लिहिला आहे, तिथे वकिलाचे कसब फारसे चालत नाही. ते काम नियामकाचे आणि संसदेचे आहे. अर्जेंटिनाने मे २०१२ मध्ये लिंगओळखीचा कायदा केला, तेव्हा ओळख आणि उपचार या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बांधल्या. नोंद बदलायला शस्त्रक्रियेची अट नाही, आणि ज्याला शस्त्रक्रिया किंवा हार्मोन हवे त्याला ते सक्तीच्या आरोग्य योजनेतूनच मिळतात. आपल्याकडे केरळ सरकार शस्त्रक्रियेसाठी आर्थिक मदत देते, आणि तामिळनाडूत सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. आपल्याला नवे काही शोधून काढायचे नाही. अपवादांच्या यादीतला सातवा क्रमांक रद्द करणे, वैद्यकीय गरज म्हणून केलेली शस्त्रक्रिया आठव्या क्रमांकात ढकलता येणार नाही असे स्पष्ट लिहिणे, कलम ७ मधला ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द नियमांतल्या ‘वैद्यकीय हस्तक्षेपा’शी जुळवून घेणे, आणि प्रत्येक विभागीय ठिकाणी, म्हणजे नाशिकलाही, निदान हार्मोनची नियमित ओपीडी सुरू करणे. यातले पहिले काम एका परिपत्रकाचे आहे.

सिडकोतल्या त्या बाईंना मी तेव्हा एवढेच सांगू शकले की या पॉलिसीतून पैसे मिळणार नाहीत, प्रमाणपत्रासाठी मात्र आजच अर्ज करा. त्यांनी पॉलिसी घडी घालून पिशवीत ठेवली आणि मुलाचे नाव प्रतिज्ञापत्रावर कसे लिहायचे ते विचारले. मी म्हटले, तो सांगेल तसे. कायद्यात तेवढे तरी तेव्हा नि:संदिग्ध होते.